मोटेवरची औटकी

भातकुलीच्या माळीपुऱ्यात गोदाबाई मोट हाकते ही बातमी पसरली, तेव्हा बायका पाण्याचं निमित्त करून बघायला आल्या. बाईमाणसानं मोट हाकायची रीत नव्हती. पण त्या साली, म्हणजे इंग्रजी अठराशे चौसष्टच्या हिवाळ्यात, रीतीप्रमाणे फारसं काही चाललंच नव्हतं. दूर कुठं सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. गावातला प्रत्येक धडधाकट गडी कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला नाहीतर अकोल्याला गेलेला. सहदेव माळ्याच्या मळ्यात मोट हाकणारा नत्थुजीही त्यांच्यातच गेला. वाफ्यात मिरची, वांगी, कांदा उभा होता, आणि त्यांना पाणी रोजच्या रोज हवं होतं. सहदेवची थोरली बहीण गोदाबाई उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि बैलांमागं उभी राहिली.

बघायला आलेल्या बायकांना ती म्हणाली, "पाहून झालं असन तं एकजण दारं धराले या. सहदेवची पोरगी एकटी हाय तिकडं."

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बघायलाही कुणी आलं नाही.

गोदाबाई लहान वयात विधवा झाली आणि नंतरची बरीच वर्षं अमरावतीला सासरीच राहिली. सासरे खुशालराव बाजारात मापारी होते. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले. घरातली सगळी आपापल्या कामाला निघून जायची, आणि आंधळ्या म्हाताऱ्याला भाकर कुस्करून घालायचं काम विधवा सुनेकडे यायचं. खुशालरावांनी त्या कामाची परतफेड त्यांच्याजवळ जे होतं त्यानं केली. धूळपाटीवर स्वतःच्या बोटानं चाचपत त्यांनी तिला अक्षरं दिली, आणि मग पावकीपासून औटकीपर्यंत सगळे अपूर्णांकाचे पाढे दिले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि सगळ्यांत शेवटी औट, म्हणजे साडेतीन. बाजारात बसणाऱ्याला हे तोंडपाठ असावे लागत. गोदाबाई हुशार होती, पण म्हाताऱ्यानं कधी घाई केली नाही. एवढंच होतं त्याच्याजवळ द्यायला, आणि ते पुरवून पुरवून द्यायचं होतं. तो गेला, दिरांनी घर वाटून घेतलं, आणि गोदाबाई एक गाठोडं आणि ती धूळपाटी घेऊन भावाकडे आली. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडून झाले की ती अमरावतीच्या दिशेलाही एकदा जोडायची. वहिनीनं एकदा विचारलं, "तिकडं कोणता देव हाय?" तर म्हणाली, "माहा सासरा."

वहिनी म्हणजे सहदेवची बायको शकुन. ती वाईट नव्हती. पण घरात परत आलेली नणंद म्हटल्यावर कुठल्याही बाईच्या मनात जे हिशेब सुरू होतात ते तिच्याही झाले. चुलीजवळची जागा कुणाची, दह्याचं गाडगं कोण उतरवणार, आणि पोरं रात्री कुणाच्या कुशीत शिरणार. पहिल्या दोन गोष्टींत गोदाबाईनं लक्षच घातलं नाही. तिसरीत मात्र तिचा इलाज नव्हता, कारण पोरं स्वतःच तिच्याकडे जायची.

थोरली माणिक नऊ वर्षांची, धाकटा भगवंत सातात. दोघंही चलाख. फरक एवढाच, की माणिकला एखादी गोष्ट समजली की ती गप्प बसून त्या गोष्टीकडे पाहत राहायची. भगवंतला समजली की तो लगेच पुढची मागायचा. ताटातला घास संपायच्या आत टोपलीतल्या भाकरीकडे हात जावा तसं.

थंडीच्या सुरुवातीला त्यानं जे मागितलं ते गोदाबाईनं दिलं. मोट हाकता हाकताच शिकवणं चाले, कारण वेगळा वेळ कुणाजवळ होता? विहिरीपासून खाली उतरत जाणाऱ्या वाटेला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली जाऊ लागले, मोट वर येऊ लागली, की ती विचारायची, "सात पाऊणे?" मोट विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात रिकामी व्हायची, बैल पाठीमागं सरकत वर येऊ लागायचे, आणि त्यांच्याबरोबर उलट्या पावलांनी चालत भगवंत ओरडायचा, "सव्वापाच!" तिकडे पाणी वळवायला वाफ्याचं दार धरून बसलेली माणिक मनातल्या मनात उत्तर जुळवून पाहायची. मोटेची चाल ठरलेली, पाढ्याची चाल ठरलेली. आठ दिवसांत जे यायचं ते पोरगा दोन दिवसांत घेऊ लागला. येणारेजाणारे थांबून ऐकायचे. गोदाबाईलाही त्याचं सुख वाटत होतं, का वाटू नये?

मग एक दिवस तिनं त्याला सांगितलं, "भगवंता, हे टोपलं पाऊण भर, वांग्याचं." तो शिगोशीग भरून घेऊन आला.

"हे पाऊण हाय?"

त्यानं टोपल्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "पाऊण तं पाढ्यात असते न, आत्याबाई."

गोदाबाई हसली नाही. त्याच आठवड्यात शकुननं सांगितलं होतं, की पोरगं झोपेत दात खाते, ताटावर बसून काहीतरी पुटपुटते आणि भाकर तशीच ठेवून उठते. गोदाबाईला या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच वाटलं. बैल बांधून झाल्यावर ती ओट्यावर बसली आणि तिनं मनाशी ठरवलं, की आता जोवर मागचा पाढा पोराच्या हातून फिरत नाही, तोवर पुढचा द्यायचा नाही. मग भाकरीचे चार वाटे करायचे ते भगवंतनं. मिरचीचं पायलीचं माप पाऊण, सव्वा, दीड करून दाखवायचं ते भगवंतनं. झेंडूच्या माळा दीड हाताच्या तोडायच्या, किती माळांना किती दोरा लागेल ते आधी सांगायचं, मग दोरा मोजायचा. चुकला तर दोरा वाया, आणि माणिक डोळे वटारणार. पाढा येत असूनही दोरा चुकायचा, म्हणून पोरगा चिडायचा, पाय आपटायचा. पण जेवायला लागला. झोपेत दात खायचाही थांबला.

"आत्याबाई, दिडकीनंतर काय असते?"

"जेवण."

"जेवणानंतर?"

"भांडे."

असं चाललं होतं, आणि तेवढ्यात सहदेवनं अमरावतीला तोंड उघडलं.

सहदेवनं त्या साली अर्ध्या मळ्यात कापूस लावला होता आणि गाडी घेऊन तो अमरावतीच्या वामनराव अडत्यांकडे जात असे. तिथं बोलता बोलता त्यानं पोराचं कौतुक केलं. वामनरावांचं अकोल्यालाही दुकान होतं, आणि त्या दिवसांत तोंडी हिशेब चटकन करणारी माणसं मिळता मिळत नव्हती. ते म्हणाले, औटकीपर्यंत सगळं येऊ दे, मग संक्रांतीला आण. पाहतो. जमलं तर अकोल्याला ठेवतो, घरच्यासारखा राहील, हळूहळू हिशेब लिहिणारा मेहता होईल.

सहदेव घरी आला तो पेढे घेऊनच. ओसरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. शकुन भाकर थापत होती. तिचा हात परातीतच राहिला.

"अकोला म्हणजे मूर्तिजापूरच्या पल्याड न हो?" तिनं विचारलं.

"तं काय झालं? रेल्वेचं काम चालू हाय. दोनचार वर्षांत इकडंच ये-जा."

"दोनचार वर्षांत," शकुन म्हणाली, आणि भाकर तव्यावर टाकली. ती फाटली.

सहदेव बहिणीकडे वळला. "बाई, किती राहिलं त्याचं?"

"अडीचकी चालू हाय. मंग औटकी."

"म्हणजे होते संक्रांतीपावतर?"

"पाहू," गोदाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून औटकी म्हणजे घराचं दार झाली. ती आली की पोरगा त्या दारातून बाहेर जाणार. घरात तिघांनाही हे ठाऊक होतं, पण शकुन नवऱ्याला नको म्हणू शकत नव्हती आणि गोदाबाई भावाच्या घरात भाकर खात होती. तिनं एवढंच केलं, की अडीचकीला आणखी सावकाश घेतलं. तिनं खोटं कधी सांगितलं नाही. दोरा, माळा, टोपली, पायली यांची कामं मात्र वाढवली. शकुनच्या ते ध्यानात आलं. एरवी भगवंत फार वेळ आत्याजवळ बसला की तिला काहीतरी काम आठवायचं. आता ती कामं स्वतःच उरकून घेऊ लागली आणि पोराला हाक मारेनाशी झाली. चहूकडे दही लागेना अशी थंडी पडली, तेव्हा शकुननं स्वतःची घोंगडी नणंदेच्या अंथरुणावर टाकली.

पण चलाख पोराला असं किती दिवस अडवून ठेवता येतं? बापाच्या तोंडून औटकी हे नाव भगवंतनं ऐकलं होतं, आणि औट म्हणजे साडेतीन हेही त्याला कुणीतरी सांगितलं. पौषातल्या एका सकाळी सहदेव घरीच होता, धावेजवळ उभा राहून मिरचीची पाहणी करत होता. गोदाबाईनं नेहमीप्रमाणे विचारलं, "पाच अडीच?"

उलट्या पावलांनी येत भगवंत ओरडला, "साडेबारा! आन् पाच औटे साडेसतरा!"

गोदाबाईच्या हातातला आसूड खाली आला. "हे कोणं सांगितलं तुले?"

"कोणंच नाई. अडीचकीत पाच मियवले. औट म्हणजे अडीच आन् एक, नाई का? सात औटे साडेचोवीस. सांगू अजून?"

सहदेव इतका खूश झाला, की त्यानं मिरचीच्या वाफ्यातूनच धावत जाऊन पोराला उचललं. दोन रोपं तुडवली तेही त्याला कळलं नाही. गोदाबाईचा ऊर भरून आला. जे तिला आंधळ्या सासऱ्यानं महिने घालून दिलं, ते या पोरानं स्वतः शोधून काढलं होतं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरोबर हाय रे राजा." मग तोंड फिरवून बैलांना हाक दिली.

संक्रांतीच्या आधी ते अमरावतीला गेले. सहदेव गाडी हाकत होता, मागं कापसावर गोदाबाई आणि भगवंत. शकुननं पोराला नवी टोपी घातली होती, वाटेसाठी तिळाचे लाडू बांधून दिले होते. गाडी हलली तेव्हा तिनं नणंदेला हळूच विचारलं, "परत येते न तो तुमच्यासंगं?"

"आज तं येते," गोदाबाई म्हणाली.

कापसाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या, ओझी, तोलाऱ्यांचं ओरडणं, नाकातोंडात जाणारं पिंजलेलं पांढरं. भगवंतनं आत्याचा पदर घट्ट धरला आणि कानाशी येऊन म्हणाला, "मले लागली." गोदाबाई त्याला गाड्यांच्या आडोशाला घेऊन गेली. त्याची धोतराची गाठ त्याला सुटेना. तिनं सोडली, तिनंच बांधली.

वामनराव गादीवर बसले होते. माणूस गोड होता. पोराला पाहून हसले. "हा का तुझा मेहता, सहदेव? दात कुठं गेले रे तुझे?"

"पडले," भगवंत म्हणाला. पुढचे दोन्ही पडलेले होते.

"बरं, सांग. साडेतीन मणाचं एक ओझं, अशी सात ओझी. किती झालं?"

भगवंत दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत उभा होता. तो चार पावलं पुढं गेला. मग वळला नाही, तसाच उलट्या पावलांनी मागं आला आणि ओरडला, "साडेचोवीस मण!"

बाजूचे लोक थांबले. वामनरावांनी दुसरं विचारलं. पोरगा पुढं गेला, मागं आला, आणि उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी मागं येता येता तो कापसाच्या ढिगात पाठमोरा पडला आणि ढिगातूनच ओरडला, "साडेसत्तावीस!" सगळा बाजार हसला. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

"शाबास! ये, आता इथं वर ये. माझ्याजवळ बैस. मांडी घाल. हां. आता सांग, नऊ सवाय?"

भगवंतनं मांडी घातली होती. त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही.

"बरं, सोपं घे. सात दिडे?"

पोराचे पाय मांडीतल्या मांडीत वळवळले. त्यानं आत्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण बाहेर काही आलंच नाही. वामनरावांनी पावकी विचारली, निमकी विचारली. मग भगवंतच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं.

गोदाबाईला तेव्हा कळलं, की तिनं त्याला पाढे शिकवले नव्हते, पाढ्यांची मोट शिकवली होती. बैल खाली गेले की प्रश्न, बैल वर आले की उत्तर. माणिक बसून शिकली होती. ती कुठंही बसून सांगू शकली असती. पण तिला कुणी विचारायला बोलावलं नव्हतं.

"सहदेव," वामनराव म्हणाले, "पोरगा हिऱ्यासारखा आहे. पण मेहत्यानं दिवसभर मांडी घालून बसायचं असतं. याला गादीवर ठेवला तर मला गादीपुढं बैल बांधावे लागतील. बसायला शिकव, होळीला आण." आणि पोराच्या हातावर खडीसाखर ठेवली. "रडू नको. तुझं काही चुकलं नाही."

परतीच्या वाटेवर भगवंत गोदाबाईच्या मांडीवर झोपून गेला. गाव दिसू लागलं तसा सहदेव बोलला.

"होळीपावतर बसाले शिकव त्याले, बाई."

"शिकवीन. माही चूक हाय, मीच निस्तरीन. पण होळीपावतर नाई."

"काहून? पोट्टा दोन दिवसात पाढा घेते. बसनं दोन महिन्यात नाई येनार?"

"येईन न. चार दिवसात येईन." गोदाबाई झोपलेल्या पोराकडे पाहत म्हणाली. "पण सहदेवा, औटकी येते त्याले, धोतराची गाठ नाई येत. अंधारात एकटा बाहेर जात नाई तो. अकोल्याले रात्री कोन उठन त्याच्यासंगं? वामनराव उठन?"

सहदेवनं कासरा ओढून बैलांची चाल कमी केली.

"डोकं पुढं पयून राहिलं त्याचं. बाकीचा पोरगा अजून मांगच हाय. तो येऊ दे न मांगून. दोन सालं दे मले. मंग मी सोता नेऊन बसवीन त्याले, गादीवर."

"आन् दोन सालं काय शिकवशीन? सगळं तं आलं त्याले."

पाढे संपले होते, आणि अडवून ठेवलेलं चलाख पोरगं स्वतःच पुढं पळतं, हे तिनं एकदा पाहिलं होतं. ती म्हणाली, "पाहीन मी."

गाडी घराशी आली तेव्हा शकुन दारातच होती. तिनं आधी गाडीत पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. सहदेवनं झोपलेल्या पोराला उचलून तिच्या खांद्यावर दिलं.

"जात नाई तो एवढ्यात," तो म्हणाला. "बाईनं दोन सालं मांगितले. मी देल्ले."

शकुननं पोराला आत नेऊन निजवलं. बाहेर येऊन तिनं नणंदेचे पाय धुवायला गरम पाणी आणलं आणि गोदाबाई नको नको म्हणत असताना स्वतः वाकून ते पायांवर ओतलं. "आज बोलू नोका तुमी," एवढंच म्हणाली.

संक्रांत झाली. गोदाबाई अजून विचारच करत होती, की आता या पोराला द्यावं काय. तो पुन्हा ताटावर पुटपुटू लागला होता. एका दुपारी जेवण झाल्यावर सहदेव ओसरीवर रेंगाळला, सुपारी कातरली, पुन्हा कातरली. मग म्हणाला, "बाजारात तोलारी भडाभडा बोलते. मी मुंडी हालवतो. समजत काईच नाई."

"मंग?"

"मंग काय. मलेच शिकव म्हनतो."

गोदाबाईनं धूळपाटी उचलली, क्षणभर धरून ठेवली, आणि ती भावाला न देता भगवंतसमोर ठेवली. "मले चुलीकडं काम हाय. तू शिकव बाले. बसून शिकवजो, बा थकलेला हाय."

सहदेव हुशार माणूस होता, पण पाढ्यांच्या बाबतीत दगड. पहिल्या दिवशी भगवंतनं पाचदा कपाळावर हात मारला. "बा! आताच तं सांगतलं!" दुसऱ्या दिवशी तो उठून पाय आपटत विहिरीपर्यंत जाऊन आला. सहदेव म्हणाला, "मास्तर रागीट हाय बाप्पा आमचा," आणि माणिक खुदकन हसली. मग माणिकनं युक्ती सांगितली, की बाले भाकरीवर शिकव, भाकर त्याले समजते. तिघं एका भाकरीभोवती बसले. पाव, अर्धा, पाऊण. पोरगा मांडी घालून बसलेला होता, कारण बापानंही मांडी घातली होती आणि भाकर मधे होती. तो कधी बसू लागला ते त्यालाही कळलं नाही.

माघ सरता सरता गोदाबाई एकदा दाराआड उभी राहून ऐकत होती. भगवंतनं विचारलं होतं, "बा, तीन पाऊणे?" सहदेव भाकरीचे तुकडे हलवत होता. एक पाऊण इकडे, एक तिकडे. बराच वेळ झाला. भगवंतचं तोंड उघडलं. उत्तर त्याच्या जिभेवर आलेलं दाराआडूनही दिसत होतं. मग त्यानं तोंड मिटलं, दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले, आणि बापाच्या बोटांकडे पाहत बसला. सहदेवनं शेवटचा तुकडा सरकवला.

"सव्वादोन?"

"हाव, बा," पोरगा म्हणाला, इतक्या मऊपणे की सहदेवनं मान वर करून पाहिलं.

गोदाबाई आत गेली. शकुन राख घेऊन तवा घासत होती. नणंदेचा चेहरा पाहून तिनं हात थांबवला.

"काय झालं?"

"काई नाई. थांबला."

"कोन थांबला?"

"तुहा पोरगा," गोदाबाई म्हणाली, आणि तिच्याजवळ बसून उरलेली भांडी ओढून घेतली.